प्रेमचंदशेठ, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालेलं नाही

कै. प्रेमचंदशेठ रायचंद यांस,

सा. न. वि. वि.

आपण 1864 साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिलेत. मनोऱ्याला आईचं नाव दिलं गेलं. 1878 पासून राजाबाई टॉवर फोर्टात उभा आहे. मी त्याच विद्यापीठाचा बी.कॉम., फायनान्शियल मार्केट्स. कॉलेज मात्र कल्याणच्या पुढे. टॉवर पहिल्यांदा दिसला तो ओव्हलवर मित्राची मॅच बघायला गेलो तेव्हा.

पत्र लिहिण्यास कारण की, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचे निकष मी तुम्हाला लावून पाहिले. कळवण्यास खेद वाटतो की, तुम्ही बसत नाही.

पहिली अट, दहावी-बारावी-पदवी सगळीकडे साठ टक्के. विद्यापीठ 1857 चं, तुमचा जन्म 1831 चा. ते निघालं तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांचे होतात आणि बाजारात चांगले मुरलेले होतात. म्हणजे पदवी नाही. इंग्रजी लिहिता-बोलता येणाऱ्या त्या काळातल्या मोजक्या देशी दलालांपैकी तुम्ही एक, तेव्हा ‘कम्युनिकेशन स्किल्स’ला पूर्ण मार्क. पण पुढची अट करिअरमध्ये खंड नसण्याची, आणि तुमचं 1865 साल लपवायचं कसं? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो पैसा समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत घुसला. मग युद्ध संपलं. वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई खंक. जिच्या कर्जवाटपात तुमचा शब्द चालायचा ती बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली आणि तुम्हीही बुडालात. एचआरच्या मॅडम विचारतील, ‘सो, टेल मी अबाउट धिस गॅप.’

आम्हाला हेच वायदे पाचव्या सेमिस्टरला होते. ‘फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टची वैशिष्ट्ये सांगा, मार्क पंधरा.’ झेरॉक्सवाल्याकडच्या ‘मोस्ट आयएमपी’ नोट्समध्ये वैशिष्ट्यं सात होती, मी सातही लिहिली. तुम्ही खऱ्या पैशानं खेळून नापास झालात, मी एकही वायदा न करता फर्स्ट क्लास.

पण सगळंच काही झेरॉक्स नव्हतं. डेरिव्हेटिव्हज शिकवणारे सर सकाळी आमच्याकडे, दुपारी अंबरनाथला, संध्याकाळी क्लासमध्ये. पगार तासावर. सरकारी भाषेत याला घड्याळी तासिका तत्त्व म्हणतात, घड्याळाचे देणगीदार म्हणून तुम्हाला कौतुक वाटेल. त्या माणसानं आम्हाला ताळेबंद उलटा वाचायला शिकवला: आधी तळटीपा, मग कर्ज, नफा सगळ्यात शेवटी. तीन वर्षांत पैसे वसूल झाले ते तेवढ्या तासांत. बाकी वसुली कॉलेजनं केली. त्याच इमारतीत अनुदानित बी.कॉम.ची फी काही हजार, आमचा कोर्स विनाअनुदानित म्हणून तिच्या कैक पट. बाकं तीच, पंखेही तेच.

शेवटच्या वर्षी ब्लॅकबुक, म्हणजे प्रकल्प अहवाल. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, ‘म्युच्युअल फंडांबाबत गुंतवणूकदारांची जागरूकता’. प्रतिसादक पन्नास, आणि पन्नासच्या पन्नास आमच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे. त्यातल्या कुणाकडे गुंतवायला पैसे नव्हते. निष्कर्ष: जागरूकता समाधानकारक.

विद्यापीठ एकच असलं तरी त्याची दारं वेगवेगळी आहेत, शेठ. चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था, 1965 पासूनची, विद्यापीठाचाच विभाग. तिच्या दारात कंपन्या रांग लावतात. आमच्या दारात डीमॅट खाती उघडून देणारे टेबल लावतात. टॉवरपासून दलाल स्ट्रीट रमतगमत पंधरा मिनिटांवर. माझा रस्ता मात्र मालाडवरून गेला. तिथल्या एका काचेच्या इमारतीत मी रात्रपाळी करतो. घरी ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे’ असं सांगितलंय. आई शेजारणीला नुसतं ‘बँकेत’ सांगते, म्हणजे तिनं मला पासबुक भरून देणारा समजायला हरकत नाही. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्ये झालेले व्यवहार दोन याद्यांत जुळतात का ते बघायचं, जुळले नाहीत तर ‘ब्रेक’ काढायचा. मे 2024 मध्ये अमेरिकेचा बाजार टी प्लस वनवर गेला, म्हणजे सौदा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिशेब पुरा. भारतानं ते 2023 च्या जानेवारीतच करून दाखवलं होतं. अमेरिकेतल्या त्या सुधारणेचं कौतुक मी पेपरात वाचलं आणि त्याच आठवड्यापासून माझी जेवणाची सुट्टी वीस मिनिटांवर आली.

वर्गातल्या बाकीच्यांची खुशाली. हुशार होते ते सीएच्या मागे लागले. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोन वर्षांची झाल्यानं हालही तेवढेच लवकर आटोपतात. दोघं बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा देतायत: प्रिलिम्स, मेन्स, पुन्हा प्रिलिम्स. एक जण बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांना विमा विकणं हे त्याचं टार्गेट. आणि एक जण घरी बसून मोबाईलवर ऑप्शन्स करतो. सेबीनं 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांना तोटा झाला, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त. मी त्याला तो अहवाल पाठवला. त्यानं अंगठा दाखवला आणि पुढचा एक्स्पायरी डे कळवला. आमच्यात खऱ्या अर्थानं तुमचा वारसदार तोच, फक्त त्याच्याकडून विद्यापीठानं टॉवरची अपेक्षा ठेवू नये.

विद्यापीठाचंही एक कळवतो. 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं आणि निकाल इतके रखडले की कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कायद्यानं निकाल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत लागायचा असतो. तुमचं घड्याळ विद्यापीठाच्या इमारतीवरच होतं, पण ते बाहेरून दिसतं, आत बसलेल्यांना नाही.

तरीही तुमचा हेवा वाटतो. 1865 च्या पडझडीनंतर दहा वर्षांनी, 1875 मध्ये, दलालांची संघटना उभी राहिली, जिचा पुढे मुंबई शेअर बाजार झाला, आणि तिच्या संस्थापकांत तुमचं नाव आहे. तुम्हाला कुणी ‘लाइव्ह केटी आहे का’, म्हणजे एखादा विषय राहिलाय का, असं विचारलं नाही. त्या काळी वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांत उभं राहायला हॉल तिकीट लागत नव्हतं. ओळख लागत होती. ती अजूनही लागते, आणि ती कुठल्याही सेमिस्टरला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक टीवायबीएफएम (उत्तीर्ण)

ता. क. फोर्टमधल्या एका ब्रोकिंग फर्ममध्ये दिवसपाळीची जागा निघालीय. अर्जात ‘क्षेत्रातील दोन मान्यवरांचे संदर्भ’ मागितलेत. पहिल्या रकान्यात तुमचं नाव टाकलं, पण मोबाईल नंबर सक्तीचा असल्यानं फॉर्म पुढे सरकत नाहीये. शेवटची तारीख शुक्रवार आहे.