सहामाही कार्यकारी अभियंता

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला आणि अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांच्या मुदतीने राहावयास आलेला अभियंता हा एक स्वतंत्र मनुष्यवर्ग असून, मंजुरी देण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरलेला नसला, तरी हरकत घेण्याचा अधिकार मात्र अबाधित असतो. या वर्गाचा जो अस्सल नमुना मी कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जवळून पाहिला, त्यांच्या सूनबाई राहत्या घरातच पाळणाघर चालवितात. आणि अशा घरात वास्तव्य करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने बोटांचे ठसे देऊन आपल्या पूर्वचारित्र्याची खातरजमा करून द्यावी, असा त्या राज्याचा नियम असल्यामुळे, हयातभर इतरांच्या कामांची चौकशी केलेल्या या गृहस्थांच्या अमेरिकन कारकीर्दीस स्वतःच्याच चौकशीने प्रारंभ झाला. तो घोट त्यांनी मुकाट्याने गिळला. परंतु त्यानंतर त्या घरातील एकही खिळा चौकशीवाचून सुटला नाही.

सूनबाईंनी मुलांची दप्तरे, डबे, जाकिटे आणि बूट यांसाठी भिंतीवर बसवावयाची कप्प्यांची एक लांबलचक मांडणी मागविली. जाड प्लायवुडची ती वस्तू दोघांनी उचलली तरी तिघांच्या पाठी धराव्यात अशी वजनदार होती. शनिवारी, पाळणाघरास सुट्टी पाहून, चिरंजीवांनी ड्रिल हाती घेतले मात्र, तोच मागून प्रश्न आला :

"अरे, अंदाजपत्रक कुठे आहे?"

अंदाजपत्रक नव्हते. तेव्हा दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर 'एम. बी.', म्हणजे 'मेजरमेंट बुक', अशी अक्षरे काढून त्यांनी मोजमापाची रीतसर नोंद आरंभिली. मग भिंतीवर टिचक्या मारून, "ही भिंत आहे की तबला?" असा शेरा दिला. शेरा यथार्थच होता, कारण तिकडच्या घराची भिंत म्हणजे साधारणतः सोळा-सोळा इंचांवर उभे केलेले लाकडी खांब आणि त्यांवर ठोकलेले अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते. मधला भाग पोकळ. आपल्याकडे विटेत भोक पाडून गिट्टी ठोकली की काम भागते. येथे त्या तक्त्यात साधी गिट्टी ठोकून एवढे ओझे टांगणे म्हणजे आज टांगून उद्या उचलणे. स्क्रू गेला पाहिजे तो खांबातच, आणि खांब तर दिसत नाही.

शिवाय 'टू बाय फोर' या नावाने विकला जाणारा तो खांब प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरतो, हे कळताच त्यांच्यातील अधिकारी खवळून उठला. रंधल्यानंतरचे माप ते, असे चिरंजीवांनी परोपरीने सांगितले. तथापि वहीत 'अफरातफर' हा शब्द पडला तो पडलाच. समाधान एवढेच की, इंच आणि त्याचा आठवा भाग या देशात अद्याप चालतो, म्हणजेच आपल्या गवंड्यांचे सूत येथे जिवंत आहे, हे पाहून त्यांस गहिवरून आले.

खांब हुडकणारे बॅटरीवरचे यंत्र चिरंजीवांपाशी होते. पण पुरावा न देता नुसते पिपाणी वाजविणाऱ्या साक्षीदारावर या वर्गाचा विश्वास बसत नाही. त्यांनी मोडक्या खेळण्यातील आगगाडीच्या डब्याचा लोहचुंबक काढला, त्यास दोरा बांधला आणि तो भिंतीवरून सावकाश फिरविला. तक्ते खांबांना ज्या स्क्रूंनी जखडलेले असतात, त्यांपैकी एकाच्या माथ्यावर तो रंगाखालूनच चिकटला. थोडा वर दुसऱ्यावर, आणखी वर तिसऱ्यावर. मग दोऱ्याला ओळंबा करून त्यांनी पेन्सिलीने जी उभी रेघ मारली, तिच्या दोन्ही अंगांस बारीक भोके पाडून पाहता तिच्यामागे खांब तंतोतंत निघाला. यंत्र पुन्हा डब्यात गेले.

वजनाचा प्रश्न निघाला, तेव्हा सूनबाईंनी दप्तरांचा हिशेब सांगितला. "दप्तरांचे कोण विचारतो? चार वर्षांचे पोर कप्पा पाहिला की त्यास जिना समजते. तीन पोरे एकदम लोंबकळली असे धरा," असा हुकूम सुटला, आणि माझ्या मते त्या दिवसात उच्चारले गेलेले सर्वांत शहाणपणाचे वाक्य ते हेच.

हेवर्ड नावाची भूकंपाची भेग या फ्रीमाँटमधूनच जाते आणि तिने 1868 साली हा सारा परिसर हादरविला होता, हे चिरंजीवांनी बोलण्याच्या ओघात सांगितले, तेव्हा मात्र गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपेतल्या माणसांवर कशा कोसळल्या, हे त्यांनी तेथे पाहिले होते. "ही तुमची भिंत पडली तरी जीव घेणार नाही," ते म्हणाले, "घेईल ती तिच्यावर टांगलेली मांडणी." तबल्याचा शेरा त्यांनी वहीतून स्वहस्ते खोडला. खात्याच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल.

त्यापुढील काम झटपट उरकले. प्रथम प्रत्येक खांबात स्क्रूहून बारीक भोक, मग तीन इंची जाड लॅग स्क्रू पान्याने आवळून एक आडवी पट्टी. तिच्यावर मांडणीचे बूड टेकवून वरूनही खांबांतच स्क्रू. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येताच गृहस्थ स्वतः एका कप्प्यास लोंबकळले. सूनबाई "अहो बाबा!" म्हणून किंचाळल्या, मांडणी हलली नाही.

मुदत संपून ते पुण्यास परतले. वहीतील शेवटच्या नोंदीप्रमाणे काम समाधानकारक असून अंतिम देयक मात्र चौकशीअंती अदा करावयाचे आहे. वाचकांपैकी कोणास अशी मांडणी चढवावयाची असल्यास त्यांनी आधी खांब शोधावा. आणि सासरे खात्यातून निवृत्त झालेले असल्यास त्यांचे विमान उतरण्यापूर्वीच काम उरकावे, अथवा सरळ त्यांच्याच हाती सोपवून आपण बाजारात निघून जावे.