कलम 63 यांस, एका शेतकऱ्याचे खुले पत्र

तीर्थरूप कलम 63
(महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948) यांस,
शि. सा. न. वि. वि.

बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणाऱ्या तुम्हाला रद्द करावं असं काही लोक म्हणतात, म्हणून काळजीनं लिहितो आहे. तुम्ही आहात म्हणून मी शेतकरी आहे. मुक्काम ठाणे, नोकरी बँकेत. पण आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर आजोबांच्या सातबाऱ्याला चुलतभावांच्या रांगेत माझंही नाव लागलं. तेवढ्यावर उद्या जुन्नरात, नारायणगावला द्राक्षबाग घेईन म्हटलं तरी तुम्ही मला अडवणार नाही.

जमीन कसतो आमचा वाटेकरी. मराठवाड्यातून जगायला आला, पोरं इथंच मोठी झाली. बटाट्याची लागण, काढणी, आभाळ भरून आलं की रात्री उठून आरण झाकणं, सगळं त्याच्याकडे. ई-पीक पाहणीचा फोटोही तोच काढतो. खातं अर्थात आमचं. लिहून काही दिलेलं नाही. 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक झाली, तेव्हापासून आमच्या घरात एकच धास्ती: कूळ लागेल! त्यामुळे तो कसतो याला कागद नाही, आणि कागद नाही म्हणून तो शेतकरी नाही. शेजारचं वावर विकायला निघालं तेव्हा तो विचारायला गेला. उत्तर मिळालं, "आधी तुझा सातबारा दाखव."

कलेक्टरांच्या परवानगीची खिडकी तुम्ही ठेवली आहे म्हणा. फक्त शेतीसाठी घेणाऱ्या बिगरशेतकऱ्याचं इतर उत्पन्न वर्षाला 12,000 रुपयांच्या वर नको. महिना हजारात घर चालवून वर जमीन घेणारा माणूस जातिवंत कष्टाळूच असणार, ही तुमची पारख मला फार आवडते. औद्योगिक पट्ट्यात कारखानदाराला मात्र परवानगीही लागत नाही. त्याचा आजोबा कोण, हे तुम्ही विचारत नाही.

तुम्हाला हटवा म्हणणाऱ्यांत फार्महाउसवालेही आहेत, हे खरं. त्यांचं एवढं मनावर घेऊ नका; माझ्यासारख्याचं नाव पुढं करून ते घेतातच. आदिवासींच्या जमिनी राखणारं जमीन महसूल संहितेतलं कलम 36-अ वेगळं, त्याच्याशी माझं भांडण नाही.

कॅलिफोर्नियात 1913 साली तुमचाच एक भाऊबंद होता: ज्यांना नागरिक होता येत नाही, त्यांना शेतजमीन नाही. रोख जपान्यांवर होता. 1923 च्या भगतसिंग थिंड निकालानं भारतीयांनाही नागरिकत्वाला अपात्र ठरवलं आणि आपले पंजाबीही त्यात सापडले. 1956 ला तिथल्या मतदारांनी तो मोडीत काढला. परिणाम बघा, माझ्या पुतण्यानं व्हिसावर असतानाच तिथं घर घेतलं आणि पणजोबांचा उतारा कुणी मागितला नाही! असली बेशिस्त आपल्याकडे नको.

आमचा वाटेकरी यंदा निम्म्याच्या वर वाटा मागतो आहे. तुम्ही जागेवर आहात तोवर जाईल कुठं?

आपला,
शेतकरी (वारसाहक्काने)