सूर लागो न लागो, काष्टा सुटता कामा नये

गाणं गळ्यातून येतं, असा एक गैरसमज गायनाच्या क्लासवाल्यांनी पसरवून ठेवला आहे. मूल शाळेत घातलं की पहिल्याच वर्षी तो दूर होतो. शाळेच्या कार्यक्रमातलं गाणं शिंप्याकडून येतं, ड्रेपरीवाल्याकडून येतं, आणि अगदीच अडलं तर शेजारणीच्या कपाटातून येतं. गळा लागतोच, पण तो पालकांचा, आणि तोही कापण्यापुरता.

आमच्या रेवदंड्यात डिसेंबर आला की दोन गोष्टी ठरलेल्या. किनाऱ्यावर मुंबईकर उतरतात आणि वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज उतरतो. मुंबईकर दोन दिवस मासे खाऊन परत जातात. मेसेज मुक्कामाला राहतो. यंदाचा असा होता:

‘सर्व पालकांना नमस्कार. गाण्यांच्या कार्यक्रमात आपल्या वर्गाची दोन गाणी आहेत. समूहगीत: मुलगे पांढरा सदरा, पांढरा लेंगा, जांभळी बंडी, फेटा. मुली नऊवारी (शिवलेली चालेल), नथ, चंद्रकोर, हिरव्या बांगड्या, गजरा. कोळीगीत: कोळी ड्रेस. खर्चाची सक्ती नाही. धन्यवाद.’

गाणी कोणती, हे मेसेजमध्ये नव्हतं. ते कोणी विचारलंही नाही.

‘सक्ती नाही’ या दोन शब्दांनी भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. सक्ती असती तर भांडता आलं असतं. सक्ती नाही म्हणजे ज्याचा ड्रेस नाही तो मागच्या रांगेत, पडद्याच्या दोरीशेजारी. आपलं मूल दोरीशेजारी उभं राहावं असं कुठल्या आईला वाटेल? तेव्हा पाच मिनिटांत ग्रुपवर पक्ष पडले.

पहिला पक्ष ‘एकदाच तर असतं’वाल्यांचा. यांचं मूल शाळेत दहा वर्षं असतं आणि ती दहाही वर्षं एकदाच असतात. दुसरा पक्ष ‘साधंच ठेवा ना’वाल्यांचा. हे लोक ग्रुपवर साधेपणाचा आग्रह धरतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्याच मुलीच्या कमरेला खरा चांदीचा कमरपट्टा निघतो. तिसरा पक्ष ‘गणवेशच घाला’ म्हणणारा. यात बहुतेक तीन मुलं असलेले पालक असतात. चौथा पक्ष वडिलांचा. तो प्रत्येक मेसेजला अंगठा दाखवतो आणि ‘पैसे किती?’ एवढं घरी विचारतो.

त्यातच साळावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका वडिलांनी अंगठ्यापलीकडे जाऊन प्रश्न टाकला: ‘पांढरा म्हणजे नेमका कोणता?’ तोपर्यंत पांढरा हा एकच रंग होता. रात्रीपर्यंत त्याचे मोतिया, क्रीम, हस्तिदंती, ऑफव्हाइट आणि ‘दोनदा धुतलेला’ असे पाच झाले. प्रत्येकाने आपापल्या सदऱ्याचा फोटो टाकला. ट्यूबलाइटखाली सगळे निळसर दिसत होते, बल्बखाली सगळे पिवळसर. शेवटी एका आजींनी नातवाच्या मोबाइलवरून व्हॉइस मेसेज पाठवला: ‘सगळ्यांनी एकाच पुडीतली नीळ घाला.’ त्या दिवसातली एवढीच उपयुक्त सूचना होती, म्हणून तिच्यावर चर्चा झाली नाही.

आमच्या घरी प्रश्न नऊवारीचा होता. सासूबाईंनी उभा जन्म नऊवारी नेसून काढला आहे. अलिबागहून आणलेली शिवलेली नऊवारी मी पिशवीतून काढली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, इलॅस्टिक ताणून सोडलं, मग मागची चेन दिसली.

“लुगड्याला चेन?”

“आई, मुलींना पाच मिनिटांत कपडे बदलायचे असतात.”

“बदलायचंय कशाला? आम्ही याच्यातच विहिरीवर जायचो, याच्यातच वाडीत नारळ गोळा करायचो, याच्यातच लग्नाला जायचो.”

“यांना याच्यानंतर कोळीगीत आहे.”

“कोळणी काय लुगडं नेसत नाहीत?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी चेन लावून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, “पूर्वी नऊ वारांत बाई मावायची. आता पिशवीत नऊ वार मावतात. चांगलंय.”

बाईंना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. मार्च 2024 मध्ये सरकारने शिक्षकांच्याच पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग नकोत, नक्षी नको. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता, सरांनी साधी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. स्वतःच्या अंगावर जी झगमग चालत नाही ती माणूस कुठेतरी काढणारच. त्यांनी ती आमच्या मुलांच्या अंगावर काढली.

शिवाय सरकारला जे जमलं नाही ते या बाईंनी एका मेसेजमध्ये करून दाखवलं. त्याच 2024 साली राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ आला होता. कापडाची व्यवस्था वरून, शिलाई महिला बचत गटांकडे, आणि साऱ्या महाराष्ट्रातली सरकारी शाळेची मुलं एका रंगात. प्रत्यक्षात गणवेश कुठे वेळेवर पोचेनात, कुठे मापात बसेनात. डिसेंबरात सरकारने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या गळ्यात घातलं. एवढं मंत्रालय हरलं आणि आमच्या वर्गात आठ दिवसांत यच्चयावत मुलांच्या बंड्या जांभळ्या झाल्या. आता त्यांतली एक वांगी, एक कोकमी आणि एक चक्क शाईची होती हे खरं. पण वरून पैसा आला नव्हता, हेही लक्षात घ्या.

तसा पोशाखाचा विषय या गावाला नवा नाही. अफानासी निकितिन नावाचा रशियातल्या त्वेरचा व्यापारी 1469च्या सुमारास होर्मुझहून घोडा घेऊन निघाला आणि आमच्या शेजारी चौलला उतरला. त्याच्या आठवणीसाठी रेवदंड्यात काळ्या दगडाचा स्तंभही उभा केला आहे. उतरल्याबरोबर या गृहस्थाने काय टिपून ठेवलं? देवळं नव्हेत, बंदर नव्हे, लोकांचे कपडे. किंवा खरं तर त्यांचा अभाव. इथल्या लोकांची डोकी उघडी, अंगं उघडी, केसांची एक वेणी. राजाचं एक वस्त्र डोक्याला, एक कमरेला. सरदाराचं एक खांद्यावर, एक कमरेला. चाकरांच्या नुसतंच कमरेला, पण हातात ढाल-तलवार. आणि सात वर्षांपर्यंतच्या पोरांच्या अंगावर काहीच नाही.

हे वाचल्यापासून मला पंधराव्या शतकातल्या चौलच्या आयांचा हेवा वाटतो. पोशाखाचे नियम त्यांनाही होतेच. कुणी कापड कुठे घ्यायचं हे दर्जानुसार ठरलेलं. पण दुसरीपर्यंतच्या पालकांना पूर्ण माफी होती. आणि बाकीच्यांना एकच वस्त्र सरकवून डोक्यावरून खांद्यावर आणलं की राजाचा सरदार होत होता. डिपॉझिट नाही, काही नाही. निकितिन जिथे जाई तिथे त्याला बघायला माणसांची रांग लागे, असंही त्याने लिहिलं आहे. साहजिक आहे. इतक्या उकाड्यात इतके कपडे घातलेला माणूस चौलने पहिल्यांदाच पाहिला असेल.

पुढे पोर्तुगीज आले, आगरकोट किल्ल्याची भिंत चढली आणि चौलचं नाव कापडासाठी झालं. चीनहून कच्चं रेशीम यायचं, इथे विणलं जायचं आणि गोव्यापर्यंत जायचं. लिन्सखोतेन या डच प्रवाशाने सोळाव्या शतकात त्याची तारीफ केली आहे. त्याच चौलची एक आई माझ्याबरोबर एसटीच्या रांगेत उभी होती. सुरतेच्या सॅटिनचा कोळी ड्रेस भाड्याने आणायला अलिबागला निघाली होती. भाडं 300, डिपॉझिट 500, डाग पडला तर डिपॉझिट विसरा.

आता या कोळी ड्रेसबद्दल. आमच्या वर्गातली निम्मी मुलं थेरोंड्याची. म्हणजे ज्या कोळ्यांवरून गाणी झाली त्यांचीच नातवंडं. पण कोळी ड्रेस त्यांच्या घरी नाही, तो अलिबागला ड्रेपरीत आहे. गुलाबी सॅटिनचा चौकोन, त्याला सोनेरी लेस, वर चमकीची बंडी, डोक्याला लाल टोपी, टोपीला गोंडा. सोबत प्लास्टिकचं पापलेट. ड्रेपरीवाल्याने त्याच्या डोळ्यांना पापण्या रंगवल्या आहेत.

एका मुलाने सरावाला घरून बाबांचं खरं जाळं नेलं होतं. बाई म्हणाल्या, “अरे, खरं नको, वास येतो.” मग शाळेतल्या क्रीडासाहित्यातून व्हॉलीबॉलचं नेट काढलं. ते मुलाच्या खांद्यावर टाकलं तेव्हा त्याने ते हातात घेऊन भोकं पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “बाई, यातनं सगळी मासली निसटतील.” बाई म्हणाल्या, “आपल्याला पकडायची नाहीत, नाचायचंय.”

त्याच मुलाचे आजोबा रंगीत तालमीला त्याला न्यायला आले. होडीवरून तसेच आलेले. कमरेला चौकड्यांचा रुमाल, वर विटका बनियन, डोक्याला जुनी टोपी. नातू धावत समोर आला, गोंडा हलवत. आजोबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“यो कंचा कोली रं?”

“आजा, मी हाय!”

“तू हायस रं. पन यो ड्रेस त बेंजोवाल्याचा.”

शेजारी उभ्या असलेल्या एका आईने मला हळूच विचारलं, “आजोबांनाच घेतलं तर? ड्रेसचं भाडं वाचेल.” सूचना रास्त होती. पण आजोबांचा रुमाल लाल-हिरवा आणि मागचा पडदा गुलाबी. रंग मॅच झाला नसता.

कार्यक्रम मैदानात होता. समुद्राकडून वारा सुटला आणि फेट्यांचे तुरे एकजात साळावच्या पुलाकडे वळले. पहिलं राज्यगीत झालं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 सालच्या शिवजयंतीपासून राज्यगीत झालं आहे. एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचं. मुलं ते शाळेत परिपाठाला म्हणतात, त्यामुळे त्याला पोशाख ठरवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. इतर वर्गांतली, सूत्रसंचालनाची, खुर्च्या लावणारी, सगळी मुलं साध्या गणवेशात उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली. मैदान चिडीचूप होतं. माझ्या आजूबाजूला एकाही पालकाचा मोबाइल वर नव्हता. फोटोत घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळे ऐकत उभे होते.

मग आमचा वर्ग आला आणि मैदानात दिव्यांचा डोंगर उजळला, म्हणजे पालकांचे मोबाइल. समूहगीत सुरू झालं. पहिल्या कडव्याला एकीची नथ ओठावर आली. ती ‘आ’ करायला तयार होईना. दुसऱ्या कडव्याला शाईच्या बंडीने पांढऱ्या सदऱ्यावर रंग सोडला. आमची कन्या आलाप होता तिथे दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती, कारण चेन अर्ध्यात अडकली होती. तिच्या चेहऱ्यावर इतके गंभीर भाव होते की मागचे एक काका म्हणाले, “ही मुलगी गाण्यात अगदी बुडून गेलीये.”

पापलेट कोळीगीतात प्रेक्षकांत पडलं आणि अजून सापडलेलं नाही. डिपॉझिटमधून शंभर रुपये कापले. खरं पापलेट त्या दिवशी बंदरावर केवढ्याला होतं ते सांगून मी कुणाला दुखवत नाही.

परतताना सगळे विचारत होते, “कसं झालं?” आणि सगळे सांगत होते, “फेटा टिकला,” “गजरा छान दिसत होता,” “टिकली जरा खाली लागली.” गाण्याबद्दल फक्त सासूबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, “पहिलं चांगलं झालं.”

हे मी पालकसभेत मांडलं. म्हटलं, गणवेशात गायली तेव्हा मुलं गात होती. बाकी वेळ ती कपडे सांभाळत होती. सगळ्यांना पटलं. ‘एकदाच तर असतं’ पक्षाच्याही माना हलल्या, वडिलांनी प्रत्यक्ष अंगठे दाखवले. पुढच्या वर्षीपासून साधा गणवेश, असा ठराव एकमताने झाला. टाळ्याही वाजल्या.

रात्री ग्रुपवर मेसेज आला: ‘सर्व पालकांना नमस्कार. ठरावाप्रमाणे पुढील वर्षी गायक मुलांना गणवेश. फक्त मधल्या संगीतिकेसाठी, विषय: निकितिन चौलला येतो, काही मुलांना लोकरीचा पायघोळ डगला, केसाळ टोपी व गुडघ्यापर्यंत बूट लागतील. घोड्याचं कसं करावं, सुचवावे.’

मिनिटभर सगळे गप्प होते. मग ‘साधंच ठेवा ना’ पक्षाच्या अध्यक्ष बाईंचा मेसेज आला: ‘अलिबागच्या बीचवर घोडा मिळतो. डिपॉझिट विचारून सांगते.’