बारा टेस्टर, चौदा दिवस आणि गावभर बोभाटा

अहो, ऐकलंत का? छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका चांगल्या घरच्या मुलानं लग्नाच्या पंगतीत, वरणभातावर तूप पडायच्या आत, नवरीच्या मामांचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात स्वतःचं अ‍ॅप टाकून दिलं. वर ताकीद, "मामा, चौदा दिवस काढायचं नाही हं!" मामा सज्जन. त्यांना वाटलं, काहीतरी व्रत असेल.

व्रतच आहे ते, फक्त देव गूगल आहे. पूर्वी म्हणे प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवायचं तर एकदाच २५ डॉलर भरायचे, की झालं दुकान सुरू. मग फर्मान निघालं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानं वैयक्तिक खातं उघडलं, त्यानं अ‍ॅप जगापुढे आणण्याआधी २० माणसं गोळा करायची आणि त्यांनी सलग १४ दिवस टेस्टर म्हणून नाव टिकवायचं. नव्या पोरांनी बोंब ठोकली. डिसेंबर २०२४ मध्ये २० चे १२ झाले. पण बारा तरी आणायचे कुठून? आई, बाबा, ताई, दाजी इथपर्यंत ठीक. पुढे काकांचा जीमेलचा पासवर्ड त्यांच्या मुलाला ठाऊक आणि मुलगा पुण्यात. आत्याचा फोन आत्याचा नाहीच, नातवाचा. शेजारच्या काकू तयार होतात, पण बदल्यात त्यांच्या भाच्याचं अ‍ॅप तुम्ही टाकायचं. फिटंफाट! अशा रीतीनं एन-७ मधल्या एका इमारतीत सगळ्यांच्या फोनमध्ये सगळ्यांची अ‍ॅपं आहेत आणि उघडत कुणीच नाही.

त्यात 'सलग' हा शब्द घात करतो. बाराव्या दिवशी फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून दाजींनी काहीबाही काढून टाकलं, त्यात मेव्हण्याचं अ‍ॅप गेलं आणि तपासणीतूनही ते बाहेर पडले. बाराचे अकरा झाले, मोजणी बिघडली. दिवाळीला त्या घरी दाजींचं औक्षण झालं, पण मेव्हणा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही, असं आतल्या गोटातून कळतं. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारेही निघाले आहेत. म्हणजे आता भाड्यानं नातेवाईक मिळतात म्हणायचे! कंपनीच्या नावानं खातं काढलं तर ही अट नाही म्हणे. म्हणून काही उत्साही मंडळी अ‍ॅप राहू द्या, आधी कंपनी काढून बसली आहेत.

बाहेरगावच्या माणसाला हे सगळं अति वाटेल. त्याला आमचं गाव ठाऊक नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, जवळजवळ ६५ कोटींच्या, आणि तेही घाऊक खरेदीत घासाघीस करून. एकानं केलं की सगळ्यांनी करायचं, आणि सगळे करताहेत म्हणून भाव पाडून मागायचा, ही आमची रीत. तेव्हा गाड्या होत्या, आता अ‍ॅप आहे. हुरडा पार्टीच्या बुकिंगचं, मेसच्या डब्याचं, पैठणीच्या दुकानाचं आणि हो, नळाच्या पाळीचंसुद्धा. ते रोज अपडेट होतं. पाणी येतं आठवड्यानं.

आणि कोड तरी कोण लिहितं? दहावीचा पोरगा एआयला मराठी-इंग्रजी मिसळून सांगतो, "भावा, बटन निळं कर," आणि ते करतं. चार-चार वर्षं इंजिनिअरिंग केलेले दादा लोक कॅनॉट प्लेसच्या चहाच्या गाड्यावर हे ऐकून असे चेहरे करतात, जसं काही घरात सुतक आहे.

पण खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. डोकं जरा जवळ आणा.

गावात एखाद्या मुलाचं अ‍ॅप स्टोअरवर आलं, की तो फोनचा ज्योतिषी ठरतो. वाड्यातल्या बायका विचारतात, आयफोन १७ प्रो मॅक्स घ्यावा का हो? १,४९,९०० पासून आहे, पण हप्त्यानं मिळतो. आता अशा वेळी माणसानं डोळे मिटून, बोटं मोडून, काहीतरी भारदस्त सांगावं की नाही? हा कार्टा म्हणतो, "काकू, व्हॉट्सअ‍ॅपच बघणार ना? मग पंधरा हजारांचा पण चालतो." शोभतं का हे? ह्याच्या स्वतःच्या हातातला फोन बघाल तर काच तडकलेली, कडेला चिकटपट्टी. लोकांना अ‍ॅप विकणारा मुलगा, आणि हा फोन!

त्याहून वाईट ऐका. ही मुलं पैठण गेटच्या मोबाईलच्या दुकानांत जातात आणि चांगल्या घरची असून विचारतात, "तुमच्याकडचा सगळ्यात भंगार फोन दाखवा." दुकानदार बिचारा नवे फोन पुढे करतो, ह्यांना हवा तीन जीबी रॅमचा, पाच-सहा वर्षं जुना, चार्जिंगला लावला की तापणारा. का, तर म्हणे फुलंब्रीच्या शेतकऱ्याच्या हातात तोच असतो. त्यावर अ‍ॅप चाललं तर कुठंही चालेल. दीड लाखाच्या फोनवर सगळंच छान पळतं, त्यात डेव्हलपरचं कर्तृत्व काय? हे असले विचार आपल्या गावात! मर्सिडीजवाल्यांनी कान झाकून घ्यावेत.

फोन बनवणाऱ्यांबद्दल तर ही मंडळी असं बोलतात की भावकीच्या वादातही कुणी तसं बोलणार नाही. बॅटरी जास्त टिकते हे दाखवायला काही फोन पडद्यामागे चालणारी अ‍ॅपं गुपचूप बंद करून टाकतात. आजोबांच्या बीपीच्या गोळीची आठवण वाजतच नाही. आजोबा शिव्या कुणाला घालतात? अ‍ॅपवाल्याला. फोन कंपनीचं नाव मात्र 'बॅटरी लय भारी' म्हणून गावभर.

त्यात भर म्हणजे गावाचं नाव बदललं, २०२३ साली. भावनेचा विषय, त्यावर कोण काय बोलणार? पण 'औरंगाबाद' इंग्रजीत दहा अक्षरांत उरकत होतं. 'छत्रपती संभाजीनगर' या नव्या नावाला मधली मोकळी जागा धरून पंचवीस लागतात. बटणं फुटली. एका अ‍ॅपात तर थेट महाराजांचं नाव अर्ध्यावर तोडून पुढे तीन टिंबं! रातोरात दुरुस्त झालं म्हणून बरं. आणि जुनं नाव यादीतून सरसकट पुसायचीही सोय नाही, कारण बिहारातही एक औरंगाबाद आहे. घाईत भलतंच निवडलं तर पार्सल सोन नदीच्या बाजूला.

पैशाचं म्हणाल तर अ‍ॅपमधून काही विकलं की दुकानाचा मालक शंभरातले तीस ठेवून घ्यायचा. २०२१ पासून अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही लहान डेव्हलपरांसाठी ते पंधरावर आणले. जाधववाडीच्या मोंढ्यातला अडत्याही तीस टक्के अडत मागायला लाजला असता. याच शुल्काच्या भांडणात १ मार्च २०२४ ला गूगलनं भारतातल्या दहा कंपन्यांची अ‍ॅपं स्टोअरवरून उतरवली. त्यांत शादी डॉट कॉम होतं, भारत मॅट्रिमनी होतं आणि नोकरी डॉट कॉमही होतं. स्थळ आणि नोकरी एकाच दिवशी गायब! सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत अ‍ॅपं परत आली. तेवढ्यात कुणाकुणाच्या सोयरिकी अडल्या असतील, हे मी बोलणार नाही. मला काय करायचंय?

एका मावशींचं मात्र सांगते. भाच्याच्या अ‍ॅपचं परीक्षण लिहायचं होतं. मावशींनी प्रेमानं लिहिलं, 'एक नंबर!' आणि अर्थातच एकच तारा दिला. सरासरी कोसळली. भाचा समजवायला गेला तर म्हणाल्या, पाचव्या नंबरला कोण विचारतं?

आता नवीच भानगड. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल येते, लोक उघडतात आणि खातं रिकामं होतं. त्यामुळे आपल्या पोरांनी पाठवलेली साधीसुधी फाईलसुद्धा कुणी हातात धरेना. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की स्टोअरबाहेरून येणाऱ्या अ‍ॅपच्याही डेव्हलपरची ओळख पटवली जाईल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं बाकीच्या जगात. कॅनॉटवर यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, चोर तरी आवरतील. दुसरा म्हणतो, माझ्या फोनमध्ये काय टाकायचं ते मी ठरवीन, गूगल कोण?

भिशीतल्या काकूंनी मात्र ह्यातलं कामाचं तेवढंच उचललं. परवा एका डेव्हलपर मुलाचं स्थळ आलं, तर ह्यांनी पत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "गूगलनं ओळख पटवलीय का? आणि तारे किती?" मुलाकडचे गप्प. त्या मावशी त्यांच्याच ना!