वजनाची माणसं

समुद्रावर मासे पकडायला जायची कल्पना माणसाला नेहमी भरल्या पोटी सुचते. आम्हाला ती सुचली तेव्हा ताटात सुरमईचे काटे उरले होते आणि बडीशेपेच्या वाटीखाली बिल दबा धरून बसलं होतं. "एवढ्या पैशांत आपण मालवणला जाऊन स्वतः मासे पकडून आणू," असं आमच्यातला बँकवाला म्हणाला आणि त्यानं कागदी रुमालावर हिशेबच मांडला. खर्चाच्या बाजूला पेट्रोल, टोल, होडीचं भाडं. जमेच्या बाजूला सुरमई तीन, पापलेट आठ आणि 'किरकोळ' या सदरात कोळंबी. कोळंबी गळाला लागत नाही, ती गळाला लावायची असते, हे सांगण्याइतकं समुद्रज्ञान त्या टेबलावर कुणाकडेच नव्हतं. वकील होता, दातांचा डॉक्टर होता, मी होतो. शाळेपासूनची मैत्री असल्यामुळे एकमेकांच्या अज्ञानावर पूर्ण विश्वास होता.

पहिला बेत जुलैचा ठरला. ज्याची होडी घ्यायची होती तो तांडेल फोनवर बराच वेळ हसला. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मशिनीच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांचा तो विणीचा काळ, आणि खवळलेल्या दर्याचाही. "मासे पण सुट्टी घेतात काय?" असं बँकवाल्यानं विचारलं, त्या स्वरात थोडा व्यावसायिक मत्सर होता. मग दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार धरला. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, तेव्हा आमची सगळी सुखदुःखं याच दोन दिवसांत बसवावी लागतात. तारीख सांगितल्यावर तांडेल म्हणाला, "त्या दिसा अष्टमी आसा."

"आम्ही नाही पाळत," डॉक्टर म्हणाला.

तांडेलानं मग सावकाश समजावलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, पाण्याला उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात, म्हणून पाणी मंद. त्याला भांग म्हणतात. पाणी चालतं तेव्हा मासा खातो, भांगाच्या पाण्यात तो आळसावतो. डॉक्टरनं फोनमधलं भरती-ओहोटीचं अ‍ॅप उघडून तपासणी सुरू केली. तोवर तांडेलानं तोंडी हिशेब सांगून टाकला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला पाणी सुकलेलं. अ‍ॅप अजून आमचं ठिकाण शोधत होतं.

आता यात खरी अडचण अष्टमीची नव्हती, शनिवारची होती. आमचा बँकवाला शनिवार पाळतो. मारुतीला तेल, आणि त्या दिवशी अंड्याचा केकही नाही. ही गोष्ट त्याला स्वतःलाच कशेडीचा बोगदा पार केल्यावर आठवली. "पकडणं आणि खाणं या दोन स्वतंत्र कृती आहेत," असं वकिलानं मागच्या सीटवरून मत दिलं, आणि बँकवाल्यानं ते इतक्या कृतज्ञतेनं स्वीकारलं की पुढचा टोल त्यानंच भरला.

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर आम्ही चौघं उभे राहिलो तेव्हा तांडेल आमच्याकडे बघत होता. कोण डॉक्टर, कोण वकील, हे त्यानं विचारलं नाही. एकेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "तुमी किती किलो?"

छोट्या होडीत माणसाची दुसरी काही ओळखच नसते. जुन्या लाकडी होड्यांना बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांना बांधलेला ओंडका, तो होडीला कलंडू देत नाही. आमची होडी फायबरची, तिला उलांडी नव्हती. ते काम शहाण्णव किलोच्या बँकवाल्याकडे आलं. त्याला बरोबर मधोमध बसवलं आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली. कर्जबुडव्यांना कापरं भरवणारा माणूस. होडीत त्याचा हुद्दा नीरम, म्हणजे तोलासाठी ठेवलेलं वजन. वकील आणि डॉक्टर दोन अंगांना, समसमान. मी बावन्न किलोंचा, म्हणून मला पुढं नाळेवर टाकलं. नाळेवर देखावा उत्तम दिसतो आणि येणारी प्रत्येक लाट आधी तिथल्या माणसाला भेटते.

होडी पाण्यात गेल्यावर तांडेलानं मशीन बंद केलं, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. मालवणी गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं, एवढं आम्ही नाटकं बघून शिकलो होतो.

"बा देवा रामेश्वरा, नारायणा! ह्ये चार पावणे पुण्यासून इले हत."

"होय म्हाराजा!"

"तेंका पाण्यातला कायएक कळणा नाय."

जरा दबकत, "होय म्हाराजा."

"तेंच्या हातान मासो गावलो नाय तरी चलात, पण तेंका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!"

यावर सर्वांत मोठा 'होय म्हाराजा' वकिलाचा होता. किनारा तोवर शंभर हातांवरच होता, पण त्याचा चेहरा आधीच कोथिंबिरीच्या रंगाकडे झुकला होता.

वकिलाला बोट लागते. ही बातमी त्यानं आमच्यापासून आयुष्यभर लपवून ठेवली होती. डोळे सांगतात होडी जागेवर आहे, कानातला तोल सांगतो आपण हलतोय. या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की निकाल पोट देतं. डॉक्टरनं धीर दिला, की अ‍ॅडमिरल नेल्सनलाही बोट लागायची आणि डार्विनला तर बीगल जहाजावर सगळा प्रवासभर. इतकं सांगून तो म्हणाला, "क्षितिजाकडे बघ." वकील क्षितिजाकडे बघत राहिला. क्षितिज वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग त्यानं आपलं म्हणणं समुद्रासमोर सादर केलं. "खालच्या वाऱ्याक तोंड करा, वकिलानू," तांडेल मागून म्हणाला, पण ती सूचना एक क्षण उशिरा आली आणि खालच्या वाऱ्याला डॉक्टर होता.

सिंधुदुर्गाच्या भोवती पाण्याखाली खडक माजलेले आहेत. १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं त्यामागं हेही एक कारण होतं: वाट माहीत नसलेलं गलबत तिथं सुखानं येऊच शकत नाही. तांडेल मात्र त्या खडकांमधून गप्पा मारत होडी नेत होता, मध्येच "हय एक आसा" म्हणून मशीन जरा वळवायचा. पाण्यावर काहीही दिसत नव्हतं. दोन फुटांवरून एक काळी पाठ सरकत गेली तेव्हा मी बघितली आणि नाळेवरचा देखावा मला नकोसा झाला.

अशा खडपांच्या आसपास गोबरा, तांबोशी असे मासे असतात आणि तिथंच गऱ्या अडकतात. डॉक्टरनं तीन तुकड्यांत उलगडणारी कार्बनची काठी आणली होती. तिला रीळ होतं, आणि पेटीत डोळे रंगवलेले प्लास्टिकचे मासे. पहिल्याच फेकीत गरी खडकात बसली. ओढली, तुटली. दुसरी बांधली, तीही. दर खेपेला शिशाचा गोळा तळाशी. महाराजांनी किल्ल्याच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. त्या कामात आमच्या डॉक्टरनं त्या सकाळी यथाशक्ती भर घातली. शेवटी त्याच्या काठीला वजन जाणवलं. त्यानं रीळ गुंडाळलं आणि पाण्यातून एक वीतभर मासा वर आला, आमच्याकडे बघून रागावला आणि फुगला. टम्म फुगला. अंगभर बारीक काटे उभे राहिले.

"ह्यो केंड," तांडेल म्हणाला. "खाऊचो नाय."

केंड विषारी असतो, आणि दातांनी जाळी कुरतडतो म्हणून कोळ्यांचा त्याच्यावर विशेष राग. ते दात डॉक्टरनं मात्र फार जवळून पाहिले. वर दोन, खाली दोन, मिळून एक चोच. "चावा उत्तम आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात, इतका वेळ समुद्रावर हरवलेला, दवाखाना परत आला. केंडाला सोडून दिलं. तो काही वेळ फुग्याच्याच अवस्थेत उलटा तरंगला आणि मग स्वतःची हवा काढून तळाला गेला.

दहाच्या सुमाराला एक घरगुती प्रश्न उभा राहिला. पन्नाशीतल्या पुरुषांनी पहाटे चहा घेतला असेल तर तो उभा राहणारच. होडीत आडोसा नाही आणि उठून उभं राहायला बंदी. तांडेलानं पद्धत सांगितली: ज्याला जायचंय त्यानं एका काठाला गुडघे टेकायचे, बाकीच्यांनी त्याच वेळी दुसऱ्या काठाकडे झुकायचं, म्हणजे तोल राहतो. एकाच्या लघुशंकेला तिघांचा पाठिंबा! सोसायटीच्या सभेत इतकं एकमत मी पाहिलेलं नाही. पाठ करून, अरबी समुद्राकडे गंभीरपणे पाहत आम्ही झुकून बसायचो आणि मागून "झालं" असं येईपर्यंत कुणी श्वासही मोठा घेत नसे. बँकवाल्याची पाळी आली तेव्हा हिशेब जमेना. आम्ही तिघं मिळून पलीकडे लोंबकळलो, वकिलानं तर अर्धं अंग बाहेर काढलं, तरी होडी त्याच्याच बाजूला कललेली. अखेर तांडेलानंही आपलं वजन आमच्या पारड्यात टाकलं. या माणसाची बढती रोखण्याचा प्रयत्न त्याच्या बँकेत अनेकांनी केलाय. त्याच्या विरोधात किती वजन लागतं हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

मासे नव्हतेच म्हणाना. दोन राणे आले, बोटाएवढे. एक शिंगटी आली, तिच्या काट्याला तांडेलानं कुणाला हात लावू दिला नाही. तो काटा विषारी असतो आणि एकदा घुसला की माणूस ठणक्यानं घर डोक्यावर घेतो. मी मासे का नाहीत असं विचारलं, तेव्हा तांडेलानं पश्चिमेकडे हनुवटी उडवली. रात्री तिकडे खोल पाण्यात मोठ्या बोटी प्रखर एलईडी दिवे लावतात, मासे उजेडाकडे गोळा होतात आणि मोठ्या जाळ्यात एकगठ्ठा उचलले जातात. या दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, असं वकील म्हणाला. खोलवर रुतलेल्या कायद्याच्या ज्ञानामुळे त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असावं.

"बंदी आसा," तांडेल म्हणाला, "आणि दिवे पण आसत."

यापुढं त्यानं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, एका वेळी पन्नासेक माणसं दोर ओढायची आणि तरी सगळ्यांना वाटे पुरायचे, हे त्यानं थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यागत सांगितलं. माणसाला वाटा, जाळ्याला वाटा, होडीलाही वाटा.

पाणी सुकत आलं आणि वारा फिरला. पहाटेचा मतलई वारा केव्हाच पडला होता, आता समुद्राकडून खारा वारा येऊ लागला. परतायची वेळ झाली. बँकवाला मघापासून चुळबुळ करत होता. त्याच्या दर चुळबुळीला होडी डुलायची, आणि वकील हात जोडायचा. म्हणून तांडेलानं रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस त्याच्या हातात दिला, गरीला कोळंबी लावून. "ह्या धरा आणि गप बसान ऱ्हवा." मासा मिळावा हा त्यात हेतूच नव्हता, एका जागी ठेवण्यासाठी हातात काहीतरी द्यायचं होतं. बँकवाल्यानं ते इमानानं धरलं. आणि तंगूस त्याच्या बोटांतून सर्रकन पळाला.

पुढचे क्षण मला नीट सांगता येणार नाहीत, कारण मी नाळेच्या तळाशी आडवा होतो. शहाण्णव किलो प्रथमच आपल्या इच्छेनं हलले होते. "बसा! बसा! बसान वडा!" तांडेल ओरडत होता. डॉक्टर कार्बनची काठी सोडून बँकवाल्याच्या कमरेला लोंबकळला. काठी समुद्रात गेली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. वकिलानं डोळे मिटून रामेश्वराला एकट्यानंच 'होय म्हाराजा' दिलं. आणि होडीत येऊन पडली एक तांबोशी. लालबुंद, रुंद, खवल्यांवर ऊन सांडलेलं, शेपटीनं फळीवर थाडथाड वाजवणारी. तांडेलानं ती कल्ल्यात बोट घालून उचलली, हातावर जरा हिंदकळवली. "दीड किलो."

त्या दिवशी वजनाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला कौतुकाचा शब्द.

शनिवार पाळणाऱ्या माणसाच्या हातात एवढा मासा! किनाऱ्यावर उतरल्यावर वाट्यांचा विषय निघाला. आम्ही चार, तांडेल पाचवा, शिवाय होडी आणि मशीन. तांडेलानं तांबोशीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "एवढे वाटे करूचे तर सुरी नको, ब्लेड होया," असं म्हणून त्यानं मासा अख्खाच आमच्या हवाली केला. आम्ही भारावलो. बँकवाल्यानं भाड्यावर शंभर रुपये जास्त दिले, ते त्यानं मोजून घेतले.

जिथं उतरलो होतो तिथल्या काकूंकडे तांबोशी सोपवली आणि संध्याकाळी पुन्हा वाद पेटला. बँकवाल्याचं म्हणणं, मासा रात्री बारानंतर वाढा; बाराला तारीख बदलते, बँकेत असंच असतं. वकील आता जमिनीवर होता, त्यामुळे पुन्हा वकील झाला होता. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात, त्यामुळे बारा वाजता शनिवार संपतच नाही, तो पहाटेपर्यंत लागू राहतो. डॉक्टर म्हणाला, तोवर जागायचं असेल तर दातांना काहीतरी काम द्या. आवाज चढले. काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"धा वाजता माझी चूल बंद. मगे तुमचो शनवार काय आणि आयतवार काय!"

जेवायला बसलो. बँकवाल्यानं डाळ-भात घेतला आणि तांबोशीच्या रश्श्याचा वास घेत राहिला. तिसऱ्या घासाला त्यानं वकिलाकडे पाहिलं. रस्सा म्हणजे मासा नव्हे, रस्सा म्हणजे मूलतः नारळ, असं वकिलानं लेखी द्यायची तयारी दाखवली आणि बँकवाल्यानं वाटी पुढं केली. एक वाटी झाली, दुसरी झाली. फी म्हणून वकिलानं डोकं मागितलं. तांबोशीचं डोकं म्हणजे कालवणाचा राजा, मागण्यासारखंच.

"डोस्का खयचा?" काकू म्हणाल्या. "ता मगाशीच भावोजींकडे धाडलंय."

भावोजी म्हणजे तांडेल, त्यांचा सख्खा दीर. होडीचा वाटा पोचला होता.