किल्ली आत, आम्ही बाहेर

माझ्या आयुष्यात पराक्रम म्हणण्याजोगी एकच गोष्ट घडली, आणि ती १९८४ साली पुण्यात, लक्ष्मी रस्त्याच्या पाठीमागच्या एका बोळात, उदबत्तीचा व घामाचा संमिश्र वास येणाऱ्या एका व्हिडिओ गेम पार्लरात घडली. ही हकीकत गेली चाळीस वर्षे मी ज्याला ज्याला ऐकवली, त्या प्रत्येकाने ती सौजन्याने ऐकून घेतली आणि मग हळूच साक्षीदारांची चौकशी केली. गॅलगा नावाच्या खेळात मी एक लाख बारा हजारांवर गुण मिळवले होते. साक्षीदार दोन. पैकी एक पार्लरचा मालक. त्याने पुढे त्याच जागेत पोळी-भाजी केंद्र काढले आणि पूर्वायुष्याविषयी बोलणे वर्ज्य केले. दुसरा साक्षीदार आज हयात नाही. सबब हा पराक्रम कागदोपत्री शाबीत नाही, आणि कागदोपत्री जे शाबीत नाही ते घडलेच नाही, असे मानणाऱ्या घराण्यात माझा जन्म झालेला आहे.

माझ्या या कथेवर निःशंक विश्वास ठेवणारा एकच इसम पृथ्वीतलावर आहे व तो म्हणजे माझा मेहुणा. हा गृहस्थ कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट गावी राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये सव्वाशे किलोंच्या आसपास वजनाचे एक अस्सल गॅलगा यंत्र मखरातल्या गणपतीसारखे विराजमान असते आणि ज्या मोटारीसाठी ते गॅरेज बांधले ती बिचारी बाहेर उन्हात तापत असते. त्याने मला फर्मान धाडले की, “दाजी, या उन्हाळ्यात यायचंच. सांता क्लाराला मेळावा आहे. तुमच्यासारखा माणूस आपल्या बाजूला पाहिजे.” मी निघालो. आमच्या हिने बॅगेत मेतकूट भरताना एवढेच उद्गार काढले, “लोक तिकडे नातवंडं बघायला जातात. तुम्ही खोकी बघायला चाललात.”

सॅन फ्रान्सिस्कोचा सुप्रसिद्ध सोनेरी पूल वास्तविक तांबडा असून तो मला धुक्यामुळे दिसला नाही. स्थलवर्णनाचे ऋण येथे फिटले.

मेळाव्याविषयी मात्र चार शब्द सांगणे अवश्य आहे. कॅलिफोर्निया एक्स्ट्रीम या नावाने तो १९९७ पासून भरत आला आहे. नाणे टाकून खेळण्याची जुनी यंत्रे ज्यांनी घरोघरी जतन केली आहेत असे शौकीन ती स्वखर्चाने व स्वकष्टाने वाहून आणतात, दोन दिवस एका विस्तीर्ण दालनात मांडतात आणि प्रवेशाचे तिकीट काढून आलेल्या कोणाही आबालवृद्धास एकही नाणे न टाकता हवे तितके खेळू देतात. असल्या मेळाव्यास याहून योग्य भूमी नाही. कारण व्हिडिओ गेमचा उद्योग याच सांता क्लाराच्या खोऱ्यात जन्मला. १९७२ साली शेजारच्या सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स नामक मद्यगृहात अटारी कंपनीने पाँग या खेळाचे पहिले यंत्र ठेवले आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडले म्हणून दुरुस्तीस गेलेल्या, कंपनीच्या अ‍ॅल अल्कॉर्न या अभियंत्याला असे आढळले की, यंत्रात दोष काहीच नसून आतली नाण्यांची पेटी भरून ओसंडत आहे. त्या जागी पुढे विनोदी एकपात्री कार्यक्रमांचे रंगगृह झाले, हे कळल्यावर मला आपली यात्रा सर्वथा सकारण वाटू लागली.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे आपत्तीकडे वळतो.

शनिवारी भल्या पहाटे भाड्याच्या ट्रकमध्ये यंत्र चढवण्याचा बेत ठरला. शरीरश्रमाच्या बाबतीत माझी ख्याती सासुरवाडीत प्रस्थापित असल्यामुळे माझ्याकडे देखरेख सोपवण्यात आली आणि त्या पदाला काही वजन यावे म्हणून एक जोखीमही हवाली करण्यात आली. ती म्हणजे किल्ल्यांची कडी. कडीत दोन किल्ल्या: एक यंत्राच्या पुढच्या, नाण्यांच्या दाराची; दुसरी पाठीमागच्या फळीची. मी ती कडी अत्यंत जबाबदारीने मुठीत धरली. पुढे यंत्रावर पांघरण्याच्या गोधडीचे एक टोक धरण्याचा प्रसंग आला, तेव्हा तितक्याच जबाबदारीने ती यंत्राच्या डोक्यावर ठेवली. मग मेहुण्याने यंत्र चाकगाडीवर मागे कलते केले आणि उष्ण हवा बाहेर पडावी म्हणून माथ्याच्या मागे ज्या फटी ठेवलेल्या असतात, त्यांतून काहीतरी खळ्ळकन आत गेले.

तो आवाज मी ऐकला. तो कशाचा, हेही मला कळले. तथापि मनुष्याचे मन असे विलक्षण आहे की, फ्रीमॉन्ट ते सांता क्लारा हे सगळे अंतर मी हवापाणी, पुण्यातले जागांचे भाव आणि सासूबाईंचा गुडघा या विषयांवर अस्खलित बोलत राहिलो.

दालनात शिरताच प्रथम जाणवला तो अंधार, आणि त्या अंधारात शेकडो यंत्रांनी एकाच वेळी चालवलेला किलबिलाट, गुरगुराट व स्फोट. मेहुण्याने आमचे यंत्र नेमल्या जागी उभे केले, प्लग लावला आणि अभिमानाने दूर सरला. पडद्यावर ताऱ्यांच्या जागी पट्टे, विमानाच्या जागी अर्धवट अक्षरे आणि शत्रूच्या जागी इंग्रजी शून्याची एक लांबलचक रांग अवतीर्ण झाली. मेहुण्याचा चेहरा पडला. पण धीर न सोडता त्याने माझ्याकडे हात पसरला.

“दाजी, किल्ली.”

यापुढचा मजकूर पंचनाम्याच्या भाषेत सांगितलेला बरा. मी कबुलीजबाब दिला. मेहुणा माझ्यापेक्षा वयाने लहान व स्वभावाने सुसंस्कृत असल्यामुळे तो काही बोलला नाही. त्याने फक्त चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पुसला. तेवढ्यात पंच जमले. डाव्या हाताला सेंटिपीड या खेळाचे यंत्र घेऊन आलेल्या एक सेवानिवृत्त परिचारिका होत्या. सेंटिपीडच्या जनकांत डोना बेली ही स्त्री होती, ही गोष्ट नमस्काराच्या आधी सांगण्याचा त्यांचा परिपाठ होता. उजव्या हाताला टेम्पेस्टचे एक दाढीवाले स्वामी, आणि समोर अ‍ॅस्टरॉइड्सचे वयोवृद्ध मालक, ज्यांची हयात असली यंत्रे दुरुस्त करण्यात गेली होती. परिचारिकाबाईंनी एक पिशवी उपडी केली. तीत दीडशेएक किल्ल्या होत्या. जुन्या यंत्रांना पुष्कळदा त्याच त्या ठरावीक जातीची कुलपे वापरलेली असतात, सबब एखादी लागेलही, असे त्यांचे मत पडले.

मी खिशातली वही आणि पेन्सिल काढली. अव्वल कारकुनाचा मुलगा या नात्याने ही दोन हत्यारे मी निद्रेखेरीज कधी दूर केलेली नाहीत. प्रत्येक किल्लीला क्रमांक देऊन तिच्यापुढे “लागली नाही” असा शेरा मी लिहीत गेलो. सव्वा तासानंतर माझ्या वहीची चार पाने भरली होती व कुलूप जसेच्या तसे होते. मग दाढीवाल्यांनी गंभीर मुद्रेने ड्रिल काढले. कुलूप १९८१ सालचे, यंत्राबरोबर जन्मलेले. त्याला भोक पाडायचे या कल्पनेने मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. वृद्ध गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोजून सहा मिनिटांत लोखंडाचा बारीक भुगा जमिनीवर सांडला आणि फळी निघाली.

विजेरीच्या उजेडात यंत्राच्या तळाशी जे दिसले त्याची यादी अशी: १९८१ सालचा पाव डॉलर, एक, चुइंगमचा दगड झालेला गोळा, एक, माझ्याकडून गहाळ झालेली किल्ल्यांची कडी, एक, आणि गंजलेल्या, निरनिराळ्या, कोणत्याही कुलपाशी संबंध न उरलेल्या अन्य किल्ल्या, तीन. क्षणभर सगळे स्तब्ध झाले आणि नंतर जो हास्यकल्लोळ उठला त्यात मेहुणाही सामील झाला. म्हणजे माझ्यापूर्वी याच यंत्राच्या डोक्यावर किल्ली ठेवून देखरेख करणारी निदान तीन माणसे अमेरिकेत होऊन गेली होती. परंपरेचा आधार ही काय चीज आहे, ते मला त्या दिवशी उमगले.

पुढचे काम वृद्ध गृहस्थांनी हाती घेतले. असल्या पडद्याच्या काचेच्या नळीत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब खेळतो आणि वीज बंद केल्यावरही तो आत दबा धरून राहू शकतो. सबब त्यांनी एक हात खिशात घातला, म्हणजे धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जायला नको. तारेने सांगाड्याशी जोडलेला लांब पेचकस दुसऱ्या हाताने त्यांनी नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवला. ‘टिक्’ असा आवाज आला. मी खबरदारी म्हणून दोन्ही हात खिशात घातले होते. मग त्यांनी सर्किटची पाटी बाहेर ओढली, तिच्या कडेवरची काळवंडलेले सोनेरी दात पाहिले आणि विचारले, “कोणाजवळ खोडरबर आहे का?”

साऱ्या दालनात हजारो रुपयांची, नव्हे, हजारो डॉलरांची उपकरणे होती. खोडरबर फक्त माझ्या पेन्सिलीच्या शेंडीला होता. त्यांनी तो घेतला आणि शाळेत चुकलेले गणित पुसावे तसे एकेक दात हलक्या हाताने चोळून लख्ख केला. पाटी जागेवर बसली. प्लग लागला. पडद्यावर तारे उगवले. विश्वाच्या उभारणीत माझाही हात लागला, एवढे समाधान मी त्या दिवशी कमावले.

त्याच संध्याकाळी आमच्याच बाजूकडचे एक तरुण गृहस्थ भेटले. मराठी ऐकून ते थांबले, यंत्राचा भाव विचारला, ट्रकचे भाडे विचारले, मनातल्या मनात बेरीज केली, आणि हाच खेळ आपल्या फोनवर फुकट आहे असे सांगून तो उघडूनही दाखवला. मला अनावर संताप आला. अहो, ज्ञानेश्वरीसुद्धा फोनवर फुकट आहे. म्हणून माणसे आळंदीला पायी जायची थांबली आहेत काय? परंतु हे उत्तर मला नेहमीप्रमाणे रात्री अंथरुणावर सुचले. समक्ष मी त्यांना चहाविषयी विचारले.

रविवारी दुपारी आमच्या ओळीची वीज गेली. इतकी यंत्रे एका जोडणीवर लादल्यावर दुसरे काय व्हायचे? पाच मिनिटांत ती परत आली. परंतु गॅलगाच्या यंत्राला स्मरणशक्ती बेताचीच दिलेली असल्यामुळे वीज जाताच गुणवंतांची यादी साफ पुसली जाते आणि कोणीही न खेळता यंत्र पुन्हा आपल्या पदरचा वीस हजारांचा उच्चांक मिरवू लागते. आदल्या दिवसापासूनचे सारे दिग्गज असे एका क्षणात पदच्युत झाले. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी व तिचा धाकटा भाऊ यांनी पहिली चार स्थाने आपसांत वाटून घेतली, आणि मेहुणा माझ्या कानाशी लागला: “दाजी, हीच वेळ आहे.”

त्याने मला एक गुह्य सांगितले. पहिल्याच फेरीत शत्रूपक्षातल्या डावीकडच्या खालच्या दोन मधमाश्या तेवढ्या शिल्लक ठेवायच्या आणि पाव तासभर त्यांना न मारता नुसते चुकवत राहायचे. आज्ञावलीतल्या एका दोषामुळे त्यांचा दारूगोळा आटतो, आणि पुढे अख्ख्या खेळात कोणताच शत्रू गोळी झाडत नाही. सरकारी कचेऱ्यांत जन्म काढलेल्यांना हे तंत्र परिचित आहे. मी ते अमलात आणले व तिसऱ्या मिनिटाला उजवीकडून आलेल्या मधमाशीवर स्वतः जाऊन आदळलो. मग सगळी गुह्ये सोडून, जसे जमेल तसे खेळलो.

खेळता खेळता पाठीमागे कोणीतरी उभे असल्याची जाणीव झाली, आणि मी चाळीस वर्षे मागे गेलो. माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीचे दप्तर घेऊन साताऱ्याहून पुण्यास आले होते. वसतिगृहात मी नाही असे कळल्यावर विचारत विचारत ते त्या बोळात पोहोचले आणि काखेत छत्री व हातात फाईल अशा थाटात माझ्या मागे उभे राहिले. मला पत्ता लागला तो माझे नाव पहिल्या ओळीत झळकल्यावर. मी थिजलो. त्याच क्षणी साऱ्या बोळाची वीज गेली. ती आली तेव्हा पडद्यावर वीस हजारांचा आकडा होता.

“आणि तुझी नोंद?” अण्णांनी विचारले.

“गेली.”

“गेली म्हणजे? कुठे उतरवून ठेवत नाहीत?”

दस्तऐवज गहाळ करणाऱ्या उमेदवाराकडे पाहावे तसे त्यांनी मालकाकडे पाहिले. महिन्याकाठी मला मोजून पैसे पाठवणाऱ्या त्या माणसाने मग कोटाच्या आतल्या खिशातून एक रुपया काढला व माझ्या हातावर ठेवला. “खेळ पुन्हा,” ते म्हणाले, “मी उभा आहे.” माझे हात इतके थरथरत होते की दोन मिनिटांत मी मेलो. घरी त्यांनी कोणाला काही सांगितले नाही.

सांता क्लाराला माझे गुण झाले तेवीस हजार चारशे दहा. पाचवा क्रमांक. यंत्राने नावाची तीन आद्याक्षरे मागितली; मी अण्णांची दिली. मागे वळून पाहिले तर उभा होता तो मेहुणा. ती अक्षरे कोणाची, हे त्याने ओळखले असावे, कारण त्याने विचारले नाही.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. मेहुणा प्लगवर हात ठेवून म्हणाला, “काढू?” मी म्हटले, “थांब.” वही काढली. “लागली नाही” असे दीडशे वेळा लिहून झालेल्या पानांच्या पुढच्या कोऱ्या पानावर स्थळ, खेळाचे नाव, गुण, क्रमांक व ती तीन अक्षरे स्वच्छ लिहिली, खाली रेघ ओढली आणि वही त्याच्यापुढे केली. मेहुण्याने पेन्सिल घेतली, “समक्ष” असे लिहून सही केली, तारीख घातली, आणि मग प्लग काढला.