इंग्लिश सर

सर गेल्याची बातमी आमच्या दहावीच्या ग्रुपवर पहाटे पावणेसहाला आली. ‘अवर इंग्लिश सर वॉज नो मोअर.’ पाच पन्नासला पुण्याहून दुरुस्ती आली, ‘वॉज नव्हे, इज.’ पाच बावन्नला कलबुर्गीहून शंका आली, ‘माणूस गेल्यावर इज कसं?’ पाच पंचावन्नला हैदराबादहून कुणीतरी ‘हॅज बीन’ टाकून प्रकरण चिघळवलं. रडणं सव्वासहाला सुरू झालं. सर असते तर म्हणाले असते, ‘क्रम बरोबर आहे. आधी ग्रामर, मग बाकीचं.’

आमचं निर्णा बीदर जिल्ह्यात. पूर्वी हुमनाबाद तालुक्यात होतं, आता चिटगुप्पा तालुक्यात आहे. पण हे सर एकट्या निर्ण्याचे नव्हेत. औरादपासून आळंदपर्यंत या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावाला एक मारुती, एक पिठाची गिरणी आणि एक इंग्लिश सर असायचेच. तिघांकडेही माणसं काहीतरी घेऊन जायची: मारुतीकडे तेल, गिरणीत ज्वारी आणि सरांकडे कागद. बँकेची नोटीस, औषधाची चिठ्ठी, खताच्या पोत्यावरचा मजकूर, कोर्टाचं समन्स, सगळं सरांच्या ओट्यावर यायचं. पोत्यावरचं वाचून झालं की सर वर सल्लाही द्यायचे, आणि पीक बुडालं तर लोक त्याचा दोष इंग्रजीला द्यायचे.

सर्वांत वाईट तार. तार आली की पोस्टमन आधी सरांकडे जायचा, मग दोघं मिळून त्या घरी. त्यामुळे सर सायकलवरून एखाद्या गल्लीत शिरले, की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या आणि ते पुढं निघून गेले की देवाला हात जोडायच्या. सर नुसते साखर आणायला निघालेले असायचे. 2013 च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा सर म्हणाले, ‘आता मला सरळ रस्त्यानं दुकानाला जाता येईल.’ पण थोड्या वेळानं हळहळलेही. तारेत शब्दाला पैसे पडतात, म्हणून माणूस मोजून बोलतो, हे ते सारांशलेखन शिकवताना सांगायचे. ‘दहा ओळींत लिही म्हटलं की तू वीस लिहितोस. उद्या तुझ्या बापाला तार कर म्हटलं तर शेत विकावं लागंल.’

सरांना नाव होतं. ते हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर होतं, इतरत्र कुठंही नव्हतं. गाव ‘इंग्लिश सर’ म्हणायचं. घरात बाईही ‘इंग्लिश सर जेवले न्हाईत अजून’ असंच म्हणायच्या. श्रद्धांजलीचा फलक करायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. कन्नडवाले म्हणाले, आधी इनिशियल, मग नाव. मराठीवाले म्हणाले, आडनावाशिवाय माणूस अर्धा. उर्दूवाले म्हणाले, नावापुढं ‘साहब’ पाहिजे. चहाचे दोन फेरे झाले. शेवटी चार लिप्यांत चारदा ‘इंग्लिश सर’ एवढंच लिहिलं आणि खाली फोटो लावला. कुणालाही आणखी काही विचारावं लागलं नाही.

सरांची मातृभाषा कोणती, यावर गावात आजही एकमत नाही. ते हिशोब मराठीत करायचे, पावकी-निमकीसकट. देवापुढं कन्नड वचनं म्हणायचे. रागवायचे दखनीत, कारण रागाला तीच भाषा पुरते असं त्यांचं मत. मराठी पोराला ‘लेका’, कन्नड पोराला ‘तम्मा’, मुसलमान पोराला ‘मियाँ’ आणि मुलगी कुठलीही असो, ‘अक्का’. मार मात्र सगळ्यांना एकाच भाषेत.

निजामाच्या अमलात जन्मलेले असल्यामुळे पहिली अक्षरं त्यांनी उर्दूची गिरवली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबादकडचा भाग आंध्रात गेला आणि उरलेलं बीदर म्हैसूर राज्यात. सरांची आत्या उदगीरची, मामा जहीराबादचे. एका रात्रीत आत्या, मामा आणि भाचा तीन राज्यांचे रहिवासी झाले. 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 ला जहीराबाद तेलंगणात गेलं. मामांच्या घराची चूल तेवढी होती तिथंच राहिली.

या सगळ्याचा उपयोग सरांनी पॅसिव्ह व्हॉइस शिकवायला केला. बाकीचे मास्तर ‘रामाने आंबा खाल्ला’ उलटा करायचे. आमचे सर फळ्यावर लिहायचे, ‘बीदर डिस्ट्रिक्ट वॉज डिव्हायडेड.’ मग खडू खाली ठेवून विचारायचे, ‘कौन करा?’ वर्ग गप्प. ‘लिखते नई मियाँ. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये कर्ता लिहीत न्हाईत. म्हणून सरकारी कागद सगळा पॅसिव्हमध्ये असतो. तुमचा अर्ज नामंजूर केला गेला आहे. कुणी केला? तो माणूस वाक्यात सापडत नसतो. कचेरीतबी सापडत नसतो.’ पुढं आयुष्यभर कचेऱ्यांतून हिंडताना मला हे व्याकरण एकदाही चुकलेलं दिसलं नाही.

पण सरांची खरी करामत चालू वर्तमानकाळात होती. पुस्तकात ‘मी जात आहे’ असं होतं. ते आमच्या घरी कुणीच बोलत नसे. सरांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर रकाने पाडले. मराठीच्या खाली लिहिलं, ‘जाऊलालोय’. कन्नडच्या खाली ‘होगलत्तीनी’. दखनीच्या खाली ‘जारऊँ’. आणि शेवटी ‘आय अ‍ॅम गोइंग’. म्हणाले, ‘पुण्याच्या मराठीत जाणं वेगळं, असणं वेगळं. आपल्याकडं दोन्ही एका शब्दात बसून निघूलालेत. इंग्लिशवाल्याला तीन शब्द लागलेत. गरीब हाय बिचारा. सांभाळून घ्या.’ एक रकाना मोकळा होता. तांड्यावरून येणाऱ्या मुलीच्या हातात त्यांनी खडू दिला, ‘अक्का, तुमच्या गोरमाटीत काय म्हणता ते लिही.’ आणि ती लिहीत होती तेव्हा सर तिच्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेत होते. त्या मुलीनं पुढं महिनाभर मान खाली घातली नाही.

तेव्हा कळलं नाही, आता कळतं. आमच्या वर्गात मराठी बोललं की कन्नड पोरं हसायची, कन्नड बोललं की मराठी पोरं. दोघं मिळून दखनीवर हसायची आणि तांड्यावरची पोरं कुणावर हसावं या विचारात गप्प बसायची. इंग्रजी ही एकच भाषा अशी होती, जी त्या वर्गात कुणाच्याच आईची नव्हती. तिथं सगळे सारखेच आडाणी. ‘स्कूल’ म्हणायला सांगितलं की कन्नड पोरगा शेवटी ‘उ’ लावून ‘स्कूलु’ म्हणायचा, उर्दू घरातला आधी ‘इ’ लावून ‘इस्कूल’ म्हणायचा आणि मराठी पोरगा विचार करून ‘साळा’ म्हणायचा. सर तिघांनाही बसवायचे. ‘एकाला पुढं काहीतरी लागतं, एकाला मागं. हा तिसरा तर घरीच जाऊन बसलाय.’ मग चौघं मिळून हसायचे. सीमाभागात एवढं बिनधोक हसणं दुसऱ्या कुठल्या तासाला झालेलं मला आठवत नाही.

मेकॉलेसाहेबांना 1835 साली रक्तानं हिंदी आणि रुचीनं इंग्रज असा वर्ग तयार करायचा होता. आमच्या सरांना एसएसएलसीत पस्तीस मार्क पडतील असा वर्ग तयार करायचा होता. दोघांत सर जास्त यशस्वी झाले.

त्यांची उदाहरणं गावातच उगवायची. ‘म्हैस हरवली तर अ बफेलो. गावभर शोधली आणि सापडली, आता ती द बफेलो.’ ‘नाइफमधला के म्हणजे लग्नातला जावई. बोलत काहीच न्हाई, पण पुढं बसवावा लागतो.’ ‘ओन्ली’ म्हणजे काय, तर आपला ‘च’. तोच, तसाच, इथंच. दखनीनं हा ‘च’ मराठीकडून कधीच उचलला होता, ‘ऐसाच’, ‘वैसाच’, तेव्हा इंग्रजीनं का उचलू नये, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे निर्ण्याची पोरं आजही बेंगळुरूच्या कचेऱ्यांत ‘आय टोल्ड यू ओन्ली’ असं ठासून सांगतात आणि समोरच्याला ते समजतंही, कारण त्याच्याही गावात असेच एक सर होऊन गेलेले असतात.

त्यांच्याकडे रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाची, पाठ निखळलेली, दोऱ्यानं बांधलेली प्रत होती. आम्ही बरीच वर्षं ‘रेनन्‌मार्टिन’ हा सरांचा कुणी पाहुणा समजत होतो. यातल्या रेननं फ्रेंच फौजेतल्या शिपायांवर ‘बो जेस्त’ नावाची धाडसी कादंबरीही 1924 साली लिहिली होती, हे सरांना फार उशिरा कळलं. ते दोन दिवस अस्वस्थ होते. ‘इतकं नियमात राहणारा माणूस,’ ते म्हणाले, ‘आतून पळून जायच्या विचारात होता म्हणायचा.’

येळवस आली की वर्गातल्या साऱ्या पोरांना ताप यायचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही. सगळं गाव शेतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर. दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्जांचा ढीग, आणि प्रत्येकात ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर.’ सरांनी एका वर्षी सगळे अर्ज लाल पेननं दुरुस्त करून परत केले. ‘फीवर’ खोडून ‘भज्जी’ लिहिलं होतं. खाली शेरा: ‘सफरिंग फ्रॉम नको, एन्जॉइंग लिहा.’ शेवटच्या अर्जाच्या मागं त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज चुकून टाचला गेला होता. त्यात त्यांना ताप होता.

निवृत्तीच्या समारंभात त्यांना बिदरीची फुलदाणी मिळाली. सरांनी भाषणात तीच हातात धरली. जस्तात थोडं तांबं घालून ओतायचं, वर चांदीची तार बसवायची आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातल्या मातीत उकळायचं. त्या मातीनं धातू काळा होतो आणि चांदी उठून दिसते. ‘कारागिरी इराणातून आली म्हणतात,’ सर म्हणाले, ‘पण काळा रंग किल्ल्याच्या मातीशिवाय येत न्हाई. माझं इंग्लिश असंच हाय. मालमसाला साहेबाचा, माती आपली. लंडनात कुणाला काळं दिसलं तर दिसू द्या.’

लंडनचं काही कळलं नाही, पण अमेरिकेत दिसलं. तिकडं गेलेल्या एका विद्यार्थ्यानं व्हिडिओ कॉलवर आपल्या गोऱ्या सहकाऱ्याशी सरांची गाठ घालून दिली. सर उभे राहून बोलले. गोऱ्याला एक शब्द कळला नाही, सरांना दोन कळले. फोन ठेवल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, ‘पोरगा चांगला हाय. पण ‘हू’ आणि ‘हूम’ मध्ये घोळ घालतो. आपल्याकडं असता तर पास केला असता.’

आता तो ‘इज’ आणि ‘वॉज’चा मामला. हा वाद मूळचा आमच्या वर्गातला. ‘ही इज नो मोअर’ असं वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मियाँनं विचारलं, ‘सर, मर गया तो इज कैसा? वॉज होना ना?’ सर थांबले. उत्तर दिलं नाही. पुढचे तीन दिवसही नाही. चौथ्या दिवशी गणिताच्या तासाला दारात उभे राहिले, गणिताच्या मास्तरांची परवानगी घेतली आणि म्हणाले, ‘मियाँ, वॉज नो मोअर लिहिलं तर अर्थ असा होतो की मधे नव्हता, आता परत आलाय. तसं कुणाचं झालं तर लिही. तवर इज.’ आणि निघून गेले.

शोकसभा बस थांबते तिथल्या लिंबाखाली झाली. प्रत्येकानं आपापल्या भाषेत सुरुवात केली आणि एक तरी वाक्य इंग्रजीत बोलून संपवलं. एकाचंही पूर्ण बरोबर नव्हतं. शेवटी तो मागच्या बाकावरचा उठला. एसएसएलसीला तिसऱ्या खेपेला पस्तीस मिळवलेला, आता मन्नाखेळीच्या रस्त्याला टमटम चालवणारा. माइक हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘सर इज सर ओन्ली.’ आणि बसला.

परत जाताना मी त्याच्याच टमटममध्ये होतो. पहाटेचा तो पहिला मेसेज त्याचा होता. मी म्हटलं, ‘अरे, वॉज लिहायचं नाही हे तर तुलाच सांगितलं होतं सरांनी. गणिताच्या तासाला येऊन.’

त्यानं समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

‘मालूम है,’ तो म्हणाला. ‘लिख के देखा.’